मामाच्या तोंडावरचा अंगठा

अरे, परवा घरीच ब्लॅक अँड व्हाईट रोल धुतला. वाळल्यावर बघतो तर काय, पाचोडच्या मामाच्या साठीचा सगळ्यात भारी फोटो, अन् बरोबर मामाच्या तोंडावर अंगठ्याचा ठसा!

मी घर डोक्यावर घेतलं. "ओल्या फिल्मला हात कुणी लावला?"

बाबा रजिस्ट्री ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांनी गुमान शाईचं पॅड काढलं अन् घरातल्या सगळ्यांचे अंगठे घेतले. ऑफिसच्या रिवाजानं बायांचा उजवा, पुरुषांचा डावा. एकही जुळेना. माझा तर आवाज लईच चढला.

आई म्हणाली, "अहो, याचा उजवा घ्या की. हा काय डाव्या हातानं फिल्म धुतो व्हय?"

घेतला. जुळला.

बाबांनी कागद पुढं सरकवला. "खाली सही कर. तुझ्या मामाला फोन केलाय, साक्षीदार म्हणून निघालाय."