पथ्याच्या आड

आजच्या सभेचे अध्यक्ष डॉ. उमाकांत, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आमच्या आहार विभागातली मंडळी, आणि चेन्नईतल्या टी. नगरच्या गर्दीतून वाट काढत इथवर पोचलेल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

एकतीस वर्षं रुग्णांना काय खावं नि काय टाळावं हे सांगून मी आज निवृत्त होते आहे. आत्ता माझी सहकारी शरण्या म्हणाली, चंद्रिका मॅडमनी कितीकांना जगवलं. तिचा जीव आहे माझ्यावर. पण ज्यांचं पथ्य मी सर्वांत काटेकोर सांभाळलं, त्या माझ्या थोरल्या भावाबद्दल, शेषगिरी अण्णांबद्दल, बोलले नाही तर हा सत्कार मला पचायचा नाही.

आमच्या आईची स्मृती गेली होती. ती धाकट्या विश्वेशकडे तांबरमला असायची. एका दुपारी त्याचा डोळा लागला, दार उघडं राहिलं. आई निघून गेली, ती तिसऱ्या दिवशी शवागारात सापडली. अण्णांनी विश्वेशशी बोलणं टाकलं. मीही टाकलं.

पुढं अण्णांची झोप उडाली, रक्तदाब चढला, सात वर्षांत मूत्रपिंडं गेली. रागानंच गेली असं मी म्हणणार नाही, मधुमेह होताच. पण गोळी पुढं केली की विचारायचे, कुणासाठी घेऊ? मी त्यांचं मीठ मोजलं, पाणी मोजलं. विश्वेश दर रविवारी डबा आणायचा, आई करायची तसा दहीभात आणि नार्तंगायचं, म्हणजे महाळुंगासारख्या आंबट फळाचं, लोणचं. अण्णांना चालत नाही, एवढं सांगून मी तो दारातूनच परत पाठवायचे.

गेल्या आषाढात अण्णा म्हणाले, "विश्वेशला बोलाव. त्याच्या हातचा एक घास खातो. पुरे झालं आता."

मी म्हटलं, "रक्तातलं पोटॅशियम उतरू दे. मग बोलावू."

एका घासानं काय बिघडणार होतं? हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं, सांगा? अण्णांनी त्याला क्षमा केली होती. मला करायची नव्हती, आणि पथ्याइतकी सोज्वळ सबब दुसरी कुठली? चार दिवसांनी अण्णा गेले.

स्मशानात मी विश्वेशला सगळं सांगितलं. माझं मन हलकं व्हावं म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "अक्का, हे मला सांगायला नको होतंस."

तेव्हापासून तो जेवत नाही. संयुक्ता, त्याची बायको, सांगते की ताट तसंच राहतं. अकरा किलो वजन उतरलंय. मी जाते, समोर बसते. पोट भरलंय, म्हणतो. हजारो रुग्णांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य. त्यावरचा उपाय मी दुसऱ्यांना शिकवत आले. त्याच्यापुढं मला एकही सुचत नाही.

असो. अध्यक्षांनी वेळ दिला, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या कनकानं इतकी वर्षं माझी कटकट सोसली, आपण सर्व आलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण ते मोठ्या मनानं सोडून द्याल. ज्याच्याकडे क्षमा मागायची, तो आज आलेला नाही.