पाचव्या मजल्याची पाटी

धाकटा: मी नाही सही करणार. 'निष्काळजीपणा' म्हणे! पंचवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून लिफ्ट दुरुस्त करतोय. याआधी कुणाला साधं खरचटलंही नाही!

ताई: अरे बाबा, ती फक्त कोर्टाची नोटीस मिळाल्याची पोच आहे, कबुली नाही. किती वेळा सांगू? वकील मी आहे की तू?

धाकटा: वकील असशील, पण बहीण आधी ना? तूच सांग, मी निष्काळजी आहे? त्या बाईंचा खुबा मोडल्यापासून घास उतरत नाही घशाखाली. रोज दवाखान्यात जातोय.

ताई: दूध उतू गेलं की आई म्हणायची ना तुला निष्काळजी? तो स्वभावाचा दोष. कोर्टाला तुझ्या स्वभावाशी काही देणंघेणं नाही. तुझ्या जागी एखादा शहाणा माणूस असता, तर त्याला हा धोका दिसला असता का, एवढंच ते विचारणार.

धाकटा: म्हणजे मन साफ असून उपयोग शून्य?

ताई: शून्य. आता सरळ सांग. लिफ्ट चौथ्यावर उभी आणि पाचव्याचं दार उघडं, म्हणून बाई आत पडल्या. ते उघडं का?

धाकटा: आत मिट्ट काळोख असतो. जिन्यातला उजेड यावा म्हणून उघडं ठेवतो. सगळेच ठेवतात.

ताई: हे 'सगळेच' कोर्टात काढू नकोस, हात जोडते. आणि तू कुठे होतास?

धाकटा: वायर आणायला खाली गेलेलो. पाच मिनिटं.

ताई: 'काम चालू आहे' ही पाटी?

धाकटा: पाट्या पाचच आहेत माझ्याकडे. तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत लावल्या. पाचव्यावर कधीच लावत नाही. तिथे एकच घर, तीन वर्षं कुलूप.

ताई: अरे, मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती? बाई आदल्याच दिवशी राहायला आल्या, तुला कुणी कळवलं नाही. रिकाम्या मजल्यावर पाटी लावायचं कुणाला सुचेल? थांब, लिहितेच. 'माहीत नव्हतं.' सुटलास! लायसन्सही वाचेल... आता तोंड का पाडलंस?

धाकटा: तू चिडशील.

ताई: चिडलेलीच आहे. बोल.

धाकटा: वायर आणायला निघालो, तेव्हा त्या बाईंनी घराचं दार उघडलं. मी घामाघूम. पाणी दिलं त्यांनी. मी विचारलं, नवीन आलात का? हो म्हणाल्या. ग्लास परत दिला आणि उतरलो. लिफ्टचं दार लावायचं डोक्यातच आलं नाही गं.

[ताई पेन खाली ठेवते.]

ताई: हे आणखी कुणाला माहीत आहे?

धाकटा: फक्त त्यांना. पोलिसांना सांगितलं नाही त्यांनी.

ताई: का?

धाकटा: मीही काल हेच विचारलं. म्हणाल्या, ग्लासभर पाणी दिलं, त्यात काय सांगायचं?

[ताई पेन पुन्हा उचलते.]

धाकटा: ताई, ते 'माहीत नव्हतं' खोड.