नळ आले तेव्हा

हा किस्सा आमच्या ह्यांच्यासमोर मात्र काढू नका. यवतमाळला घरी प्रार्थनासभा होती, चर्चचे पाळकही आले होते. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचं आईनं सांगितलं, तेव्हा "माझी वेळ अजून आली नाही" असं येशू तिला तुटक का बोलला, ते आमचे हे सगळ्यांना समजावत होते. तेवढ्यात आठवड्यानं नळ आले.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "बापू, ड्रम भर. गेले तं पुन्हा आठवडाभर नाई."

"आई, थांब न. मुद्द्यावर येऊन राह्यलो."

"त्यानंबी आईले असंच म्हटलं. पण मंग द्राक्षारस कराले पाण्याचे रांजण भरवलेच नं? ऊठ!"

पाळकांनी बायबल मिटलं. "अर्थ लागला," म्हणाले, आणि पहिली बादली त्यांनीच उचलली.