जिभेचा नवस

तुम्ही गरम चहा फुंकताय, माझी आई गार पेजसुद्धा फुंकून प्यायची. जिभेची सारखी आग व्हायची. घरात मसाला बंद केला, तरी तेच. शेवटी रोह्याहून तिला पेणला डॉक्टरांकडे नेलं. जीभ बघून, रक्त तपासून ते म्हणाले, "बी-बारा फार कमी झालंय. इंजेक्शनं देतो. पण मावशी, मासे-अंडी खात नाही का?"

"सोडलंय."

"का?"

"ह्याला कंपनीत पर्मनंट करतील तवाच खाईन, असा नवस हाय."

मी अजून कंत्राटावरच. तिला म्हटलं, "आये, मोड गो तो नवस."

ती म्हणाली, "आन् मोडल्यावर तुला कामावरून काढला म्हंजे?"

डॉक्टरांनी सुई भरली.