यूर्तपुरतं अंगण

(बिश्केक. नव्या इमारतीच्या फाटकाशी ट्रक उभा आहे. त्यात मयताच्या तंबूचे, यूर्तचे, वासे आणि नमदे. नूरझातचे वडील आज सकाळी गेले. तिचे मामा, ओस्कोन, गावाहून आलेत.)

मामा : अगं, पण उभारायचा कुठे? माझ्या डोक्यावर?

नूरझात : इथेच, मामा. इथेच जागा होती.

मामा : इथे लाईटची डीपी आहे, पोरी. ही एवढी थोरली.

नूरझात : मॉडेलमध्ये नव्हती. संगणकावर मीच उभी केली ना ही इमारत! भिंती, नळ, वायरी, सगळं. मधे यूर्तपुरता गोल मोकळा सोडला. बाबांना दाखवलासुद्धा.

मामा : दाजी गावभर सांगत सुटले होते, ‘लेकीने माझ्या मयताची सोय केलीय!’ म्हणून तर घर विकून आले. नाहीतर तो माणूस हलतोय होय?

नूरझात : नका ना, मामा.

मामा : बरं, राहिलं. पण डीपी काय आभाळातून पडली? तुमचं ते मॉडेल म्हणे चुका पकडतं.

नूरझात : टक्कर पकडतं. नळ तुळईत घुसला की लगेच लाल होतं. मोकळ्या जागेला कोण धडकणार? त्याच्या लेखी तिथे काही नाहीच.

मामा : मग माणसं होती की!

नूरझात : होती ना. वीजवाल्यांची फाइल वेगळी, नळवाल्यांची वेगळी, साइटवर कागद तिसरेच. रस्त्याकडेला खोदलं तर पाणी लागलं, म्हणून मुकादमाने डीपी आत आणली. कळवायचं कुणी, हे ठरलंच नव्हतं. मॉडेलमध्ये अंगण अजून मोकळं आहे, मामा.

मामा : जळ्ळं तुमचं मॉडेल!

नूरझात : वर घरातच ठेवू या का त्यांना?

मामा : वेडी का तू? यूर्तमध्ये मयताशी बायका बसतात, त्या कुठे बसतील? आम्ही पुरुषांनी बाहेर उभं राहून रडायचं ते काय जिन्यात? अगं, कुणाच्याही दारी मयत झालं की पहिला वासा तुझ्या बापाने धरला. त्याला यूर्त नको?

नूरझात : मला कळतंय हो.

मामा : समोरच्या जुन्या इमारतीतले गाड्या काढतायत. म्हणाले, आमच्या अंगणात आणा.

नूरझात : ओळख ना पाळख. परक्याच्या दारात बाबा?

मामा : रडू नकोस. नाही, रड. पण चल. ट्रकवाला खोळंबलाय.

नूरझात : बाबा रोज खिडकीतून डीपीकडे बघायचे, मामा. मी म्हणायचे, हलवतील हो, अर्ज दिलाय.

मामा : मग? काय म्हणायचे?

नूरझात : परवा म्हणाले, ‘सावकाश हलवू देत गं. मला कुठे घाई आहे?’