भाव आला की काढायचं

द्वारका चौकातून चांदवडकडे निघालेल्या बसमध्ये गौरांगच्या पुढच्या बाकावर एक वयस्क शेतकरी आणि त्याची मुलगी बसली होती. दोघांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेले एक मोठे चित्र आडवे होते. गौरांगने पुस्तक उघडले होते. पान मात्र उलटत नव्हते.

"परदर्शनात एकबी इकलं नाय?"

"आठ दिवसांत एकही नाही, आप्पा. आता नोकरीच बघते."

"थांब जरा. हे मी घेतो. बँकेतली एफडी सुटलीय, तिच्यातले पन्नास हजार लावतो."

"काहीतरीच! एफडीवर व्याज तरी मिळतं. आणि चित्रातच पैसे घालायचे तर एखाद्या नावाजलेल्या माणसाचं घ्या."

"त्याला मी कुठं वळखतो?"

"आप्पा, चित्रावर व्याज नसतं."

"कांद्यावर कुठं असतंय? चाळीत ठेवायचा, भाव आला की काढायचा."

"चित्र म्हणजे कांदा आहे का?"

"कांदा सडतो, वेदे. हे सडतंय का?"

"नाही."

"मग कांद्यापरीस लय बरं की! भाव कवा येईल, तेवढं सांग."

"माझ्या चित्राला? आलाच तर मी मेल्यावर. चित्रकारांचं बहुधा तसंच होतं."

ती हसली. म्हातारा हसला नाही. पिंपळगाव मागे पडले, तरी तो चादरीचे टोक चित्राच्या कडेला खोचत राहिला.

"आप्पा, रागावलात?"

"नाय."

"मग आता घेत नाही ना?"

"घेतो. पण याला कधीच भाव नको यायला."