शेजाऱ्याच्या पापावरचा उपदेश

बेळ्ळंदूरच्या तुंबलेल्या सिग्नलला रोज अडकणाऱ्याला माणसाच्या दुष्टपणाचा वेगळा अभ्यास लागतो का, सांगा. म्हणून आमच्या मराठी चर्चमध्ये माझ्या पहिल्या उपदेशाला मी तोच विषय घेतला. मुद्दा एकच: दुष्टपणा शेजारच्यात नाही, स्वतःत शोधा.

उपासना संपल्यावर रीतीप्रमाणे दाराशी सगळ्यांशी हात मिळवायला उभा राहिलो. शांतामावशी गहिवरून म्हणाल्या, "अगदी आमच्या सुनेवर बोललास रे."

मागोमाग त्यांची सून आली. "दादा, बरं झालं, सासूबाईंनी ऐकलं."

मी वैतागून चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. "एकानंही स्वतःला लावून घेतलं नाही. काय ही माणसं."

पाळकसाहेबांनी शांतपणे चहा संपवला. "उपदेश चांगला होता. पुढच्या रविवारी तोच मी करतो. तू पहिल्या बाकावर बस."